खोक्यावरची रॉम

मंगळवार, संध्याकाळ.

डोकं अजून तापलंय. "फोटो रॉममध्ये साठतात" या एका मुलीच्या उत्तराला मी कॉम्प्युटरच्या पेपरात शून्य दिलं, म्हणून तिचे वडील शाळेत आले. मोबाईलचं दुकान आहे त्यांचं. फोनचं खोकंच टेबलावर आपटलं. "बाई, हितं छापलंय की, १२८ जीबी रॉम! कंपनी खुळी हाय व्हय?" हेडसर म्हणाले, अर्धा मार्क द्या, मिटवा. का द्यायचा? छापलंय म्हणून?

मी वडिलांना म्हटलं, "माझा फोटो काढा." काढला. "आता खोडा." खोडला. "रॉममधलं नुसतं वाचायचं असतं, असं खोडता येत नाही. रॅममधलं फोन बंद झाला की जातं. फोटोंची जागा तिसरीच, स्टोरेज."

जास्त बोलले का? बोलले तर बोलले. खोकं विसरून गेले ते. उद्या वर्गात तेच दाखवून विचारणार, यावरची चूक शोधा.