कार्यवाहीत तुझं नाव नाही

निर्मळ,
१२ मे २००१

प्रिय जयवंतदादा,

"मत दिलंस ना, मग मी सभागृहात काय केलं ते विचारायचा हक्क तुझा," आमदारकीच्या पहिल्या निवडणुकीत तू म्हणाला होतास. त्या भरवशावर मी दारोदार फिरले. शेजारच्या सावित्रीमावशीला तर हाताला धरून मतदानाला नेलं.

विहिरींचं पाणी टँकरवाल्यांना विकायला बंदी घालणारा प्रस्ताव विधानसभेत पडला, तेव्हा फोनवर तू म्हणालास, "मी बंदीच्या बाजूनेच होतो गं." तेच मावशीला छापील दाखवावं, म्हणून मी विधानभवनात जाऊन त्या दिवसाची कार्यवाही वाचली. 'आवाजी मतदानाने नामंजूर', एवढंच होतं. कारकून हसला. "बाई, आवाजात नावं कुठून येणार? नावानिशी मतं नोंदवणारी मतविभागणी कुणी मागितलीच नाही."

तूही मागितली नाहीस, दादा.

पलीकडच्या वाडीत रोज टँकर भरतात. त्या उपशाने जमिनीखाली समुद्राचं पाणी शिरून मावशीच्या विहिरीचं पाणी खारं झालं, केळी करपली. काल ती म्हणाली, "तुझ्या भावाचा घसा बसला होता काय गं त्या दिवशी?" मी तुझी बाजू घेतली, आणि बोलताना मलाच माझी लाज वाटली.

हे पत्र मी कपाटातच ठेवीन. तू वाचलंस तरी फोन करशील, मायेने बोलशील आणि विषय बदलशील. तरी मागते: तू 'होय' म्हणालास की 'नाही', एवढंच एका कागदावर लिही, खाली सही कर आणि तो कागद मावशीच्या हातात दे.

तुझीच,
विनया