न मागितलेला प्रसाद

सोमवार, २८ जुलै २०२५. सकाळी ६.१०
पहिला श्रावणी सोमवार. संकल्प: अण्णांच्या आवाजातलं अथर्वशीर्ष, गणपती यायच्या आत अकरा हजार मेल. अण्णा, माझे वडील, जाऊन बारा वर्षं झाली. मध्येच त्यांचा खोकला आहे, शेवटी आईची हाक, चहा गार होतोय. फोन भरला म्हणून फोनमधून पुसलं, मेलमध्ये आहे. केयूर म्हणतो, आई, पेन ड्राइव्हवर पण ठेव गं. फुकट जागा असताना विकत कशाला?
पत्ते: सोसायटीच्या रजिस्टरमधून ६४ (सेक्रेटरी जेवायला गेले होते), केयूरच्या लग्नाच्या यादीतून २१२. पाठवायचं त्रिकाळ. एकाला तीनदा गेलं तर तीन धरायचे. जपात तसंच धरतात.

मंगळवार, २९ जुलै
काल तिन्हीसांजेला मेलवाल्यांचा निरोप. मर्यादा ओलांडली, चोवीस तास पाठवणं बंद. खाली नियम: ज्यांनी मागितलं नाही त्यांना घाऊक मेल पाठवू नये.
प्रसाद कुणी मागून घेतं का? हातावर ठेवायचा असतो.

गुरुवार, ३१ जुलै
उपाय सापडला. तीन नवीन खाती काढली. ह्यांचा पत्ता चारही खात्यांत घातलाय. घरच्यांना पुण्य आधी.

रविवार, ३ ऑगस्ट
लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची गंधाली भेटली. कंप्युटरच्या ऑफिसात आहे. म्हणाली, काकू, एवढे मेल नका पाठवू हां, लोकांनी स्पॅम दाबलं तर खातं बंद करतात.
लोक दाबतात हे हिला कसं ठाऊक? वर हसली.
वहीत नवीन पान. संशयित: १) गंधाली.

बुधवार, ६ ऑगस्ट
ताकीद आली. तक्रारी आहेत म्हणे, आणि नियम चुकवायला जास्तीची खाती काढल्याचं दिसतंय. तक्रार करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. संशयित २) सेक्रेटरी. ३) धाकटी जाऊ, लग्नातल्या साडीवरून. ह्यांना विचारलं, तुम्हाला कुणाचा संशय येतो? पेपरमधून मान वर न करता म्हणाले, मला काय कल्पना. भोळा माणूस.
उद्यापासून रोज फक्त १०८. आज शेवटचं सगळ्यांना.

शनिवार, ९ ऑगस्ट. दुपारी १.२०
चारही खाती बंद. अण्णा आत.
दाद मागायचा फॉर्म आहे. दोन तास बसून भरला. अण्णांना सुपारीचंही व्यसन नव्हतं, हे लिहिलं. एवढे मेल का पाठवले, या रकान्यात लिहिलं: भक्ती. वाचणारा माणूस असेल तर सोमवारी उघडून देईल.

मंगळवार, १२ ऑगस्ट
अंगारकी. उपास. उत्तर आलं, चार ओळी. तपासून पाहिलं, नियम मोडलेत, खाती उघडणार नाहीत.
घाबरायचं कारण नाही. २७६ जणांकडे अथर्वशीर्ष गेलंय. कुणाकडेही मिळेल.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
एकोणीस फोन केले. धाकटी जाऊ म्हणाली, ते होय वहिनी, मी उघडलंच नाही. सेक्रेटरींनी आधी विचारलं, माझा पत्ता कुणी दिला? केयूर म्हणाला, पुसले गं आई, किती यायचे.
विसावा फोन केला नाही.

रविवार, १७ ऑगस्ट
सत्यनारायण. शिऱ्याचा प्रसाद सगळ्या मजल्यांवर दिला. गंधालीचं दार सोडलं. तिला कळायला हवं.

सोमवार, १८ ऑगस्ट
सकाळी ह्यांना म्हटलं, तुमच्याकडे तर चारही खात्यांतून आलं असेल, बघा ना. म्हणाले, अगं रोज बारा यायचे, मी ते स्पॅमचं बटण दाबायचो, की ढीग बाजूला जायचा. मग कचरा रिकामा करायचो. किती दिवस? पहिल्या दिवसापासून. बटण बरं आहे म्हणून संध्याकाळी कट्ट्यावरच्या सगळ्या मित्रांनाही शिकवलं.
कट्ट्यावरचे सगळे माझ्या यादीत आहेत.

मंगळवार, १९ ऑगस्ट
सकाळी बेल वाजली. गंधाली, हातात वाटी. काकू, माझा प्रसाद राहिला ना?
शिरा संपला होता. खडीसाखर दिली. मग विचारायचं नव्हतं तरी विचारलं. म्हणाली, आहे की, पहिल्याच दिवशी उतरवून घेतलं. आमच्याकडे म्हणणारं कुणी नाही, रोज आंघोळ झाली की लावते. आजोबा खोकतात तिथे केस विंचरणारा माझा हातही थांबतो.
तिला आत बसवलं, मीही बसले, तिने तिथेच लावलं. खोकला आला. शेवटी आईने हाक मारली तेव्हा मी उठून उभी राहिले.
माझ्या फोनमध्ये घालून दिलं. जागा करायला सुप्रभातची चारशे फुलं पुसावी लागली. वहीतलं संशयितांचं पान फाडलं. मागची बाजू कोरी आहे, वाण्याच्या यादीला होईल.
जेवताना ह्यांना आमटी वाढली नाही. नियम म्हणजे नियम, मागितल्याशिवाय द्यायचं नाही. त्यांनी मागितली नाही. कोरडा भात खाऊन उठले, म्हणाले, आज हलकं वाटतंय.
पातेलंभर आमटी उरली. उद्या मलाच संपवावी लागणार.