वल्कोची मान

प्लोव्दिव, ३१ ऑक्टोबर १९९८

ती. ताते यास लेक रुमेनाचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. तू पाठवलेली भाजक्या मिरच्यांची चटणी वसतिगृहातल्या पोरींनी दोन दिवसांत फस्त केली. बरणी मात्र प्रामाणिकपणे धुऊन परत दिली. तू विचारणारच म्हणून सांगते, लोकरीचे मोजे घालते.

आता कामाचं. आमच्या विद्यापीठात मानव्यविद्यांचा सप्ताह आहे. सकाळी व्याख्यानं, संध्याकाळी चित्रपट, त्यावर चर्चा. येत्या शुक्रवारी धरणाखाली गेलेल्या गावांवरचा १९५४ चा माहितीपट आहे. त्याचं आवाजाचं रीळ हरवलं, नुसती चित्रं उरली. ताते, त्यात आपलं बुडालेलं ब्रेझे आहे आणि वल्को आजोबा आहेत. गाव सोडायला राजी आहात का, असं साहेब विचारतो, अशी पाटी येते आणि आजोबा मान डावी-उजवीकडे हलवतात.

व्याख्यान डेन्मार्कच्या प्राध्यापक आस्मुसन यांचं आहे. त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आजोबाच आहेत, 'सरकारला नाही म्हणणारा एकटा शेतकरी' म्हणून. त्यांच्याकडे अशी मान म्हणजे नकार. आपल्याकडे तोच होकार, हे आमच्या विभागातल्या शिपायालाही कळतं. पण पाहुण्याला सांगणार कोण? चर्चेत बोलायचं आहे मला. आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडे संशोधनाला जाण्याची माझी जागा त्यांच्याच शब्दावर आहे.

तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. खरं काय ते कळव. आजोबा खरंच नाही म्हणाले असतील तर मला सुखाने गप्प बसता येईल.

तुझ्या रागासकट सगळी माया हवी असलेली,
रुमेना

---

नोवो ब्रेझे, ३ नोव्हेंबर

चि. रुमेना हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कौलांची भट्टी नीट चालू आहे, तुझी आई माझ्यावर नेहमीइतकीच चिडलेली आहे. म्हणजे घरी सगळं ठीक.

तुझे आजोबा हो म्हणाले. मी त्यांच्या कोटाला धरून उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलंय. गावाने चर्चमध्ये शपथ घेतली होती, कुणी हो म्हणायचं नाही. बाबा पहिले फुटले. मोजणीदाराने त्यांना आडोशाला सांगितलं होतं की पाणी येणार ते येणारच. आधी सही कराल तर नवी जागा तुम्ही निवडाल, नंतर कराल तर आम्ही देऊ ती घ्याल. बाबांनी ही टेकडी मागितली. पाणी जवळ, शाळा जवळ, पायाखाली चिकणमाती. पुढच्या महिन्यात सगळ्या गावाने सह्या केल्या, सगळं गाव या टेकडीवर आलं, याच मातीच्या कौलांखाली झोपलं, आणि बाबांना मरेपर्यंत गावबुडव्या म्हणत राहिलं. शाळेत मी गावबुडव्याचा पोरगा. तुझ्या आत्याने तर लग्न लांब समुद्राकाठी केलं, तिथे माहेरचं नाव कुणी विचारू नये म्हणून. तुला आजवर सांगितलं नाही, यात माझाही भित्रेपणा आलाच.

आता कुणी परका माणूस बाबांना वीर करतोय. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण उसन्या कोटात माणूस फार वेळ ऐटीत बसू शकत नाही, कुठेतरी उसवतोच. जागा जाईल तर जाऊ दे. मी आठवी शिकून भट्टी उभी केली, तू तर माझ्यापेक्षा दहा वर्षं पुढे आहेस.

मी येणार नाही. शनिवारी माल चढवायचा आहे.

तुझं भलं पाहणारा,
स्तामेन

---

नोवो ब्रेझे, ८ नोव्हेंबर

ती. नेवेनाताईस स्तामेनचा सा. न.

ताई, रुमेनाच्या विद्यापीठात बाबा असलेला जुना माहितीपट दाखवणार होते, तिथे मी गेलो. माल चढवायला तुझ्या वहिनीला उभं केलं. ती काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटच्या रांगेत बसलो. पुढची दोन पोरं कुजबुजत होती की मागे पाणी तुंबलं वाटतं, प्लंबर आलाय. मी म्हटलं बरंय, निदान कामाचा माणूस तरी समजले.

मग पडद्यावर बाबा आले. ताई, ते चालतात. उजवा पाय थोडा ओढत, तसेच. मला पुढचं मिनिटभर काही दिसलं नाही.

डेन्मार्कचे आस्मुसन साहेब, बाबा नाही म्हणाले असं पुस्तकात लिहिणारे, छान बोलले, मनापासून. नंतर रुमेना उठली. म्हणाली की हे माझे आजोबा, हे हो म्हणताहेत, आणि त्यांनी हो का म्हटलं ते सांगते. चर्चमधली शपथ, मोजणीदार, टेकडी, गावबुडव्या, काही गाळलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला. पण माणूस सरळ. त्यांनी सभागृहालाच विचारलं की या बाईंचं म्हणणं तुम्हाला पटतं का.

दोनशे माणसांनी एकदम मान डावी-उजवीकडे हलवली.

साहेब आधी सुटल्यासारखे हसले. मग त्यांनी पडद्यावर थांबलेल्या बाबांकडे पाहिलं, परत सभागृहाकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसले. पुढे आधी ते हसले की आधी आम्ही, सांगता येत नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा हे प्रकरण रुमेनाने तिच्या नावाने लिहावं, आणि ते त्यांच्याकडे राहून लिहावं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

मग साहेबांनी विचारलं की या गृहस्थांना ओळखणारं आणखी कुणी आहे का. मी उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षांत जे कधी चारचौघांत बोललो नव्हतो ते बोललो, की मी वल्कोचा मुलगा. ती प्लंबरवाली पोरं वळून बघत होती. त्यातल्या एकाने उठून मला पुढे यायला वाट करून दिली.

तुला राग येईल हे जाणून लिहिलंय. आला तर माझ्यावर काढ, पोरीवर नको.

धाकटा,
स्तामेन

---

बुर्गास, १४ नोव्हेंबर

चि. स्तामेनास आशीर्वाद.

तुझं पत्र आधी एकटीने वाचलं, मग नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याच्याशी बाबांबद्दल मी कधी बोललेच नव्हते. तो म्हणाला की एवढा शहाणा सासरा होता आणि मला तीस वर्षं पत्ता नाही.

राग आला, पण इतकाच की तू मला आधी कळवलं नाहीस. माझ्याकडे बाबांचा एकच फोटो, तोही लग्नातला, ताठ उभे. ते चालताना मला बघायचे आहेत.

बावीस तारखेच्या बसचं तिकीट काढलंय. रुमेनाला सांग, तो माहितीपट पुन्हा लावायला कुणाच्या पाया पडावं लागलं तरी पड. आणि दारावरच्या माणसाने कोण म्हणून विचारलं तर मी सांगेनच, पण तूही आधी सांगून ठेव, की वल्कोची थोरली येतेय.

तुझी,
नेवेना