दर्भाचा कावळा

१२ ऑगस्ट
आज हिचा दहावा. खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे चिक्कार, एक शिवेल तर शपथ. सुनील हात जोडून, "आई, आबांना अंतर देणार नाही." नाही. "सईला डॉक्टर करीन." तरी नाही. हिची इच्छा त्याला ठाऊक, मलाही. देहदानाचा फॉर्म भरून कपाटात होता. "लोक तोंडात शेण घालतील" म्हणत लेकानं सरणावर ठेवली. मी तीस वर्षं मेडिकल कॉलेजात, मुडदे चिरून शिकवतात त्या हॉलचा शिपाई. ऐन वेळी माझीच दातखीळ बसली.
शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. झालं. गवताला काय, नेऊ तिथं जातं.

९ सप्टेंबर
नातीचा, सईचा, मेडिकलला नंबर लागला. सुनीलनं सोसायटीभर पेढे वाटले. मी सातवी पास. पोरांच्या मागं उभं राहून नसा-शिरा शिकलो, घरी येऊन हिच्या मनगटावर दाखवायचो. ही म्हणायची, "मेल्यावर बघा नीट. आता भाकरी करपतेय."

६ ऑक्टोबर
सईचा हॉलमधला पहिला दिवस. रात्री ताटावर म्हणाली, "आजोबा, आमच्या टेबलावरच्या बाईंच्या हातावर तुळस गोंदलीय."
सुनील, "जेवताना नको."
साचलेलं बाहेर पडलं. म्हटलं, "दुसऱ्याची आई चालते रे तुला. आपली तेवढी सोवळ्यात."
ताट सारून उठला. हीच जीभ ऑगस्टमधे उचलायची होती.

७ ऑक्टो.
माझा फॉर्म आणला. घरच्यांची सही लागते. "आबा, मी नाही करणार." बरं. टीव्हीखाली ठेवला. सई म्हणते, मी करते. नको बाळा. सही कुणीही करेल, मी जाईन त्या दिवशी कॉलेजची गाडी सुनीललाच बोलवायचीय.

१२ ऑक्टो., रविवार
चहा घेताना सुनील, पेपरातनं मान न काढता, "तिथं... नीट वागवतात?"
"पहिल्या दिवशी सगळी पोरं हात जोडतात. मीच जोडायला लावायचो."
"आणि नंतर?"
"नंतर विसरतात. परीक्षा असते."
गोड बोलून सही घेता आली असती. पण मग तोही दर्भाचाच कावळा.
पेपराची घडी घालून उठला.

१३ ऑक्टो.
सुनील ऐरोलीला, ऑफिसला गेला. टीव्हीखाली फॉर्म नाही.
कचऱ्याचा डबा बघायला उठलो. परत बसलो.