राबाचा धूरही धरावा

मी, आरती कुशाबा गवारी, वय २८, राहणार तळेघर, तालुका आंबेगाव, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते. दिवाळीत केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात चूक होती. माझी आई सोनीबाई दम्याने वारली, असे मी लिहिले होते. दम्याची औषधे ती घेत होती, एवढेच खरे. ती फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. तो कळला तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

भाऊ सुनील म्हणतो, "लग्नाआधी मृत्युपत्र? लई शिकलीस तू." घरात पहिली शिकलेली मीच, म्हणून लिहिते.

१. भातखाचरातला माझा हिस्सा सुनीलला. अट एकच. रोपांसाठी शेण-पालापाचोळा रचून राब भाजतात, तेव्हा बाईला धुरात उभे करायचे नाही. आग आवरायला बाई आणि वारा बघायला बाप्या, ही वाटणी कुणी केली ते मला अजून कळलेले नाही.

२. माझ्या पगारातून बांधलेली मागची खोली आणि गॅसची शेगडी चुलती ठकूबाईला. सिलिंडर आणून देणे सुनीलकडे. ठकूबाईला साक्षीदार व्हायचे होते. तिलाच मिळणार आहे, म्हणून मी नको म्हटले. ती रुसली आहे.

३. आईची मिश्रीची डबी आणि तंबाखू भाजायचा तवा, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी देशभर तपासणी कार्यक्रम आखणाऱ्या समितीला. त्या कार्यक्रमाचे चाचणी शिबिर गेल्या महिन्यात घोडेगावात झाले. जास्त धोका असलेल्यांचा स्कॅन मोफत. वडील बिडी ओढतात. त्यांना घेतले, आणि त्यांची फुप्फुसे चांगली निघाली. मग ठकूबाई पुढे झाली. तिला अजून खोकला नाही, पण तपासणी करायची ती अशाच वेळी.

टेबलामागच्या मुलाने विचारले, "मावशी, बिडी-सिगारेट?"

"बाया बिडी वढत्यात व्हय रं?"

"तंबाखू?"

"न्हाई. मिश्री लावते नुसती."

मिश्रीला आमच्याकडे कुणी तंबाखू म्हणत नाही. मी मध्ये पडले. ठकूबाई तंबाखू काळी होईपर्यंत तव्यावर भाजते, जन्मभर चुलीपुढे बसली आहे, दर उन्हाळ्यात राब भाजते, हे सगळे सांगितले.

"ताई, ओढलेला धूर धरतात. चुलीचा रकाना नाही."

वडील म्हणाले, "माझ्या जागी तिला घ्या की राव." तो हसला आणि पुढचे नाव पुकारले.

माझी आईसुद्धा त्याच टेबलावरून परत गेली असती. समितीने दारे लावून, त्या तव्यावर तंबाखू भाजत बसावे आणि मग जास्त धोका कुणाला ते लिहावे.

४. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला. मी बिडी कधी ओढलेली नाही. फुप्फुसांत काय सापडते ते लिहून ठेवावे आणि समितीला कळवावे.

हे वाचून, समजून, दोघांसमोर सही केली.

आरती कुशाबा गवारी
साक्षीदार: संपत लोहकरे, भागू आसवले
तळेघर, ९ फेब्रुवारी २०२६

सह्यांच्या खाली लिहिलेले मृत्युपत्रात धरत नाहीत, हे मला माहीत आहे. हे मेल्यानंतरचे नाहीच. घोडेगावात येत्या गुरुवारी, १२ फेब्रुवारीला, शिबिर पुन्हा आहे. ठकूबाईला, डबीला आणि तव्याला घेऊन मी पहिल्या एसटीने जाणार. तिचा स्कॅन होईपर्यंत, किंवा नकाराचे कारण लेखी मिळेपर्यंत, त्या टेबलापुढून उठणार नाही.