कुमासीचा नंबर

अक्रा, सोमवार, १४ जुलै

प्रिय एसीनामताई,

तुझं पत्र आणि वाळलेली भेंडी पोचली. आईच्या गुडघ्याची सूज आता उतरली असेल. माझी तब्येत ठीक आहे. जेवणाची आबाळ नाही, कोपऱ्यावर मक्याचा केंके चांगला मिळतो.

आत्सुच्या मूर्तीचं तू पुन्हा विचारलंस. जुळ्यातल्या मागे राहिलेल्यानं, म्हणजे मी, हो म्हटल्याशिवाय सुतार लाकडाला हात लावणार नाही, हे मला माहीत आहे. आई म्हणते, लाकूड घरात आलं की तोही आला. फोनवर मला उत्तर देता येत नाही म्हणून लिहितो आहे. ऑफिसात एक मोठी चाचणीही झाली, तेही सांगतो.

लोकांची बिलं भरून घेणाऱ्या आमच्या सर्व्हरांची नक्कल कुमासीच्या केंद्रात सतत जात असते. ते केंद्र भाड्याचं आहे. आत्सु तिथेच नोकरीला होता. अक्रा बंद पडलं तर कुमासीनं नेटवर्कवरच्या त्याच पत्त्यावर उत्तर द्यायचं, दवाखान्यात बिल भरणाऱ्याला कळूही नये. अडचण एकच आहे. मधली लाइन तुटली तर दोन्हीकडच्या यंत्रांना वाटतं की समोरचं गेलं, आणि दोघंही एकाच पत्त्यावर ओ देतात. मग खऱ्या नोंदी कुठल्या, ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आत्सुनं योजनेत नियम घातला होता: अक्राच्या माणसानं 'पत्ता सोडला' असं फोनवर तोंडानं सांगायचं, तोवर कुमासीनं काही हाती घ्यायचं नाही. शाळेत हजेरीला आम्ही दोघं एकदम ओ द्यायचो आणि दोघंही छडी खायचो, त्यावरून सुचलं म्हणायचा.

काल सकाळी चाचणी झाली. आमचे मॅनेजर लॅम्प्टीसाहेब चर्च बुडालं म्हणून कुरकुरत होते. "आजची प्रार्थनाही कुमासीमार्गेच पाठवतो," म्हणाले. मी अक्रा बंद केलं. त्यांनी योजनेत बघून कुमासीचा नंबर लावला.

फोन माझ्या खिशात वाजला.

"हा आत्सुचा ना? तुझ्याकडे कसा?"

"माझ्याकडेच असतो."

"आणि तो कुठंय? मागे तूच म्हणालास, लाकडं आणायला गेलाय. म्हटलं येईल, म्हणून नंबरही बदलला नाही. अरे, किती लाकडं? अख्खं जंगल आणतोय की काय!"

ताई, ते गा जमातीचे, आपल्यातले नाहीत. जुळ्यातला एक गेला की आपण 'वारला' म्हणत नाही, 'लाकडं आणायला गेला' म्हणतो, ते त्यांना कोण सांगणार?

"साहेब, तो वारला," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला.

ते खुर्चीत बसले. "अरे बाबा. आणि मी चेष्टा करत बसलो."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आत्सुच्या जागी आलेली सेर्वा होती.

"दादा, झोपलात का तिकडे? इथं सगळं तयार आहे. पत्ता घेऊ का?"

अक्रा बंद, कुमासी थांबलेलं. तेवढा वेळ त्या पत्त्यावर कोणीच नव्हतं.

"दादा, ऐकताय ना? तुम्ही म्हटल्याशिवाय मी हात लावायची नाही. वहीत आत्सुदादांनी तसंच लिहून ठेवलंय."

"पत्ता सोडला," मी म्हणालो.

"घेतला."

सगळं सुरू झालं. बाहेर कोणाला काही कळलं नाही. साहेबांनी योजनेत सेर्वाचा नंबर घातला आणि मला आठवड्याची रजा दिली. मी मागितली नव्हती.

आत्सुचा फोन मी रोज चार्ज करत होतो. आज बंद केला.

सुताराला सांग, सुरू कर. शनिवारी येतो. मूर्ती त्याच्याकडून मीच उचलून आणीन. आईला म्हणावं, दोन वाट्या मांड, एक माझी, एक त्याची.

आम्ही तुला एकच पत्र लिहायचो, खाली दोघांची नावं. कोणी लिहिलंय ते तू अक्षरावरून ओळखायचीस. आता ओळखावं लागणार नाही.

तुझा भाऊ,
एत्से