शिवकांतनं सोडलेले सात क्लब आन् माझी लेकरं

मी गिरिजा शिवकांत एकलारे, वय चोवीस, सातवी पास, राहणार पूर्णा. माझं डोकं ठिकाणावर हाय. कोणाच्या धाकानं लिहीत न्हाई. धाक हाय तो उद्याच्या ऑपरेशनचा. दुसरं बाळंतपण हाय, बाळ आडवं हाय, अंगात रक्त कमी हाय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "भिऊ नको." तवापासून जास्तच भ्यायलेय. म्हणून माझ्यामागं कोणाला काय, ते लिहून ठेवते.

शिलाई मशीन जाऊबाईंनी घ्यावी. पण "गिरिजाला सरळ टीप येत न्हाई" असं गल्लीभर सांगितलं, ते आधी माझ्या आईफुडं कबूल करावं.

कानातले रुद्राणीला. माझी मुलगी, तीन वर्षांची.

गोधडी बी तिलाच. ती तिच्या पप्पांनी टाकलेल्या फुटबॉलच्या जर्स्यांची शिवली हाय. पूर्णेचा जंक्शन क्लब हरला की हे ताडकळसवाल्यांचे झाले. ते हरले की वालूरचे. मग मोबाईलवरचे परदेशी. सहा वर्षांत सात क्लब सोडले. दर येळेस म्हणायचे, "आता मरेपर्यंत हाच!" एक मरेपर्यंत तर गुरुवारी सुरू झालं, रविवारी संपलं. गोधडी मातर लय उबदार झाली.

ह्यांनी दुसरं लगन करावं, माझी ना न्हाई. फकस्त एक हंगाम दम धरावा.

आता खरी गोष्ट. मी गेले तर रुद्राणी आन् बाळ, दोघांला माझ्या नणंद महेश्वरी वन्संनी सांभाळावं. कारण सांगते. आमचं लगन झालं त्या साली जंक्शन क्लबानं ताडकळसकडून नऊ गोल खाल्ले. पाचव्या गोललाच हे उठून ताडकळसवाल्यांत जाऊन बसले. आमच्या बाजूचं मैदान रिकामं झालं. वन्सं एकट्याच उन्हात छत्री धरून उभ्या. मी म्हणलं, "वन्सं, चला की घरी. हरले."

"हरायलेत म्हणूनच थांबले गं. जिंकायल्यावर कुत्रं बी थांबतंय."

लेकरू आजारी पडतं, नापास होतं, खोटं बोलतं. त्याला असं माणूस पायजे.

हे मागं उभं राहून वाचायले हुते. म्हणले, "अगं, मी माझी लेकरं सोडीन का?"

"सातही क्लबांचं हेच म्हणले हुते तुमी. बापाची मंजुरी लागती, सही करा."

ह्यांनी पेन घेतलं. सही केली, आन् खाली आपल्या हातानं लिहिलं: "गिरिजा घरी आली की हा कागद रद्द. उद्या ऑपरेशनच्या दाराम्होरून मी हालणार न्हाई."

ही खालची ओळ त्यांची हाय, माझी न्हाई. साक्षीदारांनी ध्यानात ठेवावी.

लिहून देणार: गिरिजा शिवकांत एकलारे
मंजूर: शिवकांत एकलारे

साक्षीदार:
१. सिताराम, किराणा दुकानदार
२. सुलाबाई, शेजारीण. उद्या त्याच दाराम्होरं बसणार हाय, ह्यांच्यावर नजर ठेवायला.

ठिकाण: पूर्णा, जि. परभणी
तारीख: १९ ऑगस्ट २०२५